आवाजाचा वाटा

गल्लीतल्या व्हिडिओवाल्याला सगळे चिमटा म्हणत. कितीही लठ्ठ फाइल आणा, हा गडी चिमटीत धरून ती हव्या त्या मापात बसवणार. बायको तर चारचौघांत सांगायची, "माझा संसारही यानं असाच बसवला, दीड खोलीत!" गणित तोंडपाठ: फाइलचं माप भागिले सेकंद, निघेल तो बिटरेट, म्हणजे दर सेकंदाचा शिधा. शिकायला येणाऱ्यांना दरडावायचा, "आधी आवाजाचा वाटा बाजूला काढा, उरेल तो चित्राचा. नाहीतर फाइल मापाबाहेर जाते, मग बसा बोंबलत."

त्याची थोरली बहीण, ताई, दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होती. तिचा मुलगा तिच्याशी कडाक्याचं भांडून जहाजावर गेलेला. दोन वर्षं शब्द नाही. ताईनं नर्सकडून स्वतःचा दहा मिनिटांचा व्हिडिओ करून घेतला.

"पाठव रे चिमट्या. आणि कापाकापी नको. जन्मात एकदा तरी मला पुरतं बोलू दे."

जहाजावर वीस एमबीपर्यंतचीच फाइल जाई, तीही फक्त सोमवारी बारा ते एक. चिमट्यानं दुकानात व्हिडिओ लावला आणि लगेच आवाज बंद केला. तिच्या श्वासाची घरघर त्याच्यानं ऐकवेना. नुसते हलणारे ओठ बघत हिशोब मांडला: वीस एमबी म्हणजे एकशे साठ हजार किलोबिट, सहाशे सेकंद, सेकंदाला दोनशे सहासष्ट. सगळे चित्राला देऊन टाकले. चेहरा तरी नीट दिसू दे! बाराला फाइल पाठवून त्यानं थेट दवाखाना गाठला.

"गेली?"

"गेली, ताई."

संध्याकाळी दुकानात येतो तो फाइल परत आलेली. पावणेपंचवीस एमबी! फाइलीतल्या आवाजाचे सेकंदाला चौसष्ट त्यानं धरलेच नव्हते. दुनियेला शिकवणारा स्वतःच पहिला धडा विसरला. आता पुढचा सोमवार.

ताईला सांगायची छाती होईना.

"बघितलं का रे त्यानं?"

"बघितलं तर!"

"मग काही कळवलं?"

"अगं, जहाजावर कामं थोडी असतात? काय कळवणार?"

बुधवारी तिनं पुन्हा विचारलं, गुरुवारीही. शुक्रवारी विचारलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. शनिवारी गेली.

भाच्याला कळवायला चिमट्याचा हात धजेना. आधी व्हिडिओ बघू दे, मग सांगू, म्हणून तो थांबला. सोमवारी नवी फाइल केली: आवाजाला चौसष्ट, चित्राला दोनशे. तपासायला म्हणून आवाज लावला, पहिल्यांदाच. शेवटच्या मिनिटाला ताई दम खात म्हणत होती, "राग गेला असेल तर मामाला दोन ओळी टाक. नाही आल्या, तर समजेन, नाही गेला. मग मी नाही विचारणार."

पावणेएकला फाइल पोचली. माप चोख भरलं होतं.

तासाभरात दोन ओळी आल्या.

"मामा, बघितलं.

आईला सांग, राग केव्हाच गेला."