अडसरताईंच्या दोन ओळी

ताई कोड वाचू लागल्या की त्यांचा उजवा पाय हलायचा. माझे टेबल त्यांच्या टेबलाला लागून होते. पाय हलला की माझ्या पेल्यातले पाणी थरथरायचे. त्या आठवड्यात मंगळवारपासून गुरुवारपर्यंत ते एकदाही स्थिर झाले नाही.

ऑफिसात त्यांना अडसरताई म्हणत. पाठीमागे म्हणत, पण त्यांना ठाऊक होते. दुसऱ्याने लिहिलेला संगणकाचा कोड वाचायचा, आणि तो घ्यायचा की परत पाठवायचा ते ठरवायचे, हे त्यांचे काम. सोळा वर्षे त्या ते करत होत्या. दहांतले सात बदल परत जात. सोबत कारण लिहिलेले असे, आणि ते वाचून समोरच्याची बोलती बंद होई. एक वाक्य त्या सगळ्यांनाच लिहीत: ही ओळ कशासाठी, ते वर लिहून ठेवा, आज आठवतंय, उद्या आठवणार नाही.

मी साहित्यात एम. ए. केले होते आणि तिथे सॉफ्टवेअरची माहितीपुस्तके लिहीत होते. कारण लिहा म्हणून लोकांच्या मागे लागणारी बाई मला आवडली. शिवाय त्या माझ्या समोरच्या दारात राहत. जाता-येता सोबत झाली, मग मैत्री. त्या माझ्याहून बावीस वर्षांनी मोठ्या. मला शब्दकोश म्हणत.

आमचे सॉफ्टवेअर एका खऱ्या संगणकाच्या पोटात खोटे संगणक चालवते. आपण खोटे आहोत हे त्या खोट्याला माहीत नसते. आपली स्वतःची डिस्क आहे, नेटवर्क कार्ड आहे, अशा समजुतीत तो सुखी असतो. ताई त्याला 'आतला' म्हणत. आतल्याला प्रत्येक उपकरण मेमरीतल्या एका पत्त्यावर दिसते. कोणत्या पत्त्यावर कोण आहे याची यादी आमचे सॉफ्टवेअर ठेवते. आतल्याने उपकरण हलवले की यादी बदलायची. ताईंच्या मते हे नाट्यगृहात खुर्ची दाखवणाऱ्याचे काम होते. फक्त इथे एक माणूस चुकीच्या खुर्चीवर बसला की नाटकच बंद पडते.

त्या मंगळवारी या यादीच्या कोडमधला एक बदल त्यांच्यासमोर आला. तो त्यांच्या दिराने केला होता.

दिराला घरात सगळे धाकटा म्हणत. तो चौथीत असताना ताई लग्न होऊन आल्या. त्याची गणिते त्यांनी घेतली. पहिला संगणक त्यांनीच त्याला उघडून दाखवला. आता तो एकोणतीस वर्षांचा होता आणि आमच्याच ऑफिसात वर्षाच्या कंत्राटावर होता. कंत्राट महिनाअखेरीस संपत होते. विभागप्रमुखांना आम्ही घड्याळसाहेब म्हणायचो, कारण ते प्रत्येक वाक्याच्या शेवटी वेळ सांगत. त्यांनी धाकट्याला शब्द दिला होता. गुरुवारी पाचच्या आत बदल मंजूर झाला तर तो नव्या आवृत्तीत जाईल, आणि मग धाकटा नोकरीत कायम.

ताई आधी साहेबांकडेच गेल्या. घरच्या माणसाचा कोड मी तपासणे बरे दिसत नाही, म्हणाल्या. साहेब म्हणाले, हा भाग कळणारी माणसे दोन. दुसरा गुडघ्याचे ऑपरेशन करून पडलाय. तुम्हीच बघा, गुरुवारी पाचपर्यंत.

बदल चांगला होता. हे ताईच म्हणाल्या. यादीत शोधायला लागणारा वेळ निम्म्यावर आला होता. धाकट्याने बराच पसारा आवरला होता, आणि आवरताना दोन ओळी काढून टाकल्या होत्या. त्या ओळींचा अर्थ मी ताईंकडून समजून घेतला. उपकरण जिथे ठेवायचे तिथे आधीच दुसरे बसलेले असेल, तर आत्ता काही करू नको. पुढचा हुकूम येईपर्यंत थांब. धाकट्याचे म्हणणे होते की अशी वेळ येतच नाही. कोणता आतला दोन उपकरणे एका पत्त्यावर ठेवील? त्याने मोजलेही होते. नऊ हजार वेळा खोटे संगणक चालू केले, आणि त्या दोन ओळींपर्यंत काम एकदाही पोचले नाही. मेलेला कोड, असे त्याने लिहिले होते.

ताईंना त्या ओळी खुपू लागल्या. कोडचा इतिहास जपलेला असतो. कोणती ओळ कोणी, कधी घातली ते पाहता येते. त्यांनी पाहिले. ओळी बारा वर्षांपूर्वीच्या होत्या. नाव ताईंचेच होते. कारणाच्या जागी एकच शब्द होता: दुरुस्ती.

मी माझा पेला उचलून खिडकीत ठेवला.

ऑफिसात एक नियम होता. कारण दिल्याशिवाय कोणाचा बदल अडवायचा नाही. मनाला पटत नाही हे कारण धरले जाणार नाही. हा नियम ताईंनीच भांडून करून घेतला होता. म्हणजे गुरुवारी पाचपर्यंत एक तर ते कारण आठवायला हवे होते, नाही तर मंजुरी द्यायला हवी होती.

बुधवारी त्यांनी चौकटीचा कागद काढला. ही त्यांची जुनी पद्धत. मेमरीतला पत्ता लांबलचक असतो. त्याचे त्या दोन भाग करत: वरच्या अर्ध्यासाठी आडवी ओळ, खालच्या अर्ध्यासाठी उभा रकाना. ओळ आणि रकाना मिळतील ती चौकट म्हणजे पत्ता. उपकरणांच्या जागी एका मोडक्या कीबोर्डची बटणे. एन म्हणजे नेटवर्क कार्ड, डी म्हणजे डिस्क. आतल्याने जे जे करावे ते सगळे त्यांनी करून पाहिले. बटण उचलायचे, नव्या चौकटीत ठेवायचे. पुन्हा उचलायचे, ठेवायचे. बटण नेहमी रिकाम्या चौकटीतच पडे. दुपारी त्या जिन्यावर गेल्या आणि चार मजले उतरून पुन्हा चढून आल्या. मग गुडघेवाल्या सहकाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, त्या वर्षी तुम्ही फार भांडायचा, एवढंच आठवतं.

संध्याकाळी त्यांच्या घरी माळ्यावरच्या जुन्या वह्या काढल्या. सासूबाईंनी स्टूल धरले, मी खालून वह्या घेतल्या. त्या वर्षीच्या वहीत धाकट्याच्या बारावीच्या परीक्षेचे वेळापत्रक सापडले, ताईंच्या अक्षरात, प्रत्येक विषयापुढे बरोबरची खूण केलेले. त्या दोन ओळींबद्दल काही नव्हते.

सासूबाई निवृत्त परिचारिका. जेवताना म्हणाल्या, "आमच्या वॉर्डात डॉक्टरांनी कारण लिहिलं नाही, तर आम्ही औषध देत नव्हतो आणि चालू असलेलं बंदही करत नव्हतो." हे कोणाच्या बाजूने, ते कोणालाच कळेना. ताईंचे यजमान चष्म्याच्या काचा घासायचे काम करत. ते म्हणाले, आई, भाजी वाढ. सासूबाईंनी भाजी वाढली आणि पुढे म्हणाल्या, "पण घरच्या मुलाला कोणी आडवं येतं का गं?"

धाकटा ताटातून मान वर करत नव्हता.

गुरुवारी चार वाजता तो ताईंच्या टेबलापाशी आला. ऑफिसात तो त्यांना मॅडम म्हणे.

"मॅडम, काही सापडलं?"

"नाही."

"मग?"

"खुपतंय."

"खुपतंय हे कारण चालत नाही. नियम तुमचाच आहे."

तो टेबलावर वाकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, दुसऱ्या कोणाचा असता तर तू एव्हाना सोडला असतास. माझा आहे म्हणून तुला लोकांसमोर जास्त स्वच्छ राहायचंय."

तो गेला. मला वाटले, तो बरोबर बोलला. ताईंनाही तसे वाटले असावे. त्यांनी बटणे डब्यात भरली, डबा उघडला, पुन्हा मांडली.

पाचला दहा मिनिटे असताना त्यांनी लिहायला घेतले. लिहून झाल्यावर मला म्हणाल्या, शब्दकोश, शुद्धलेखन बघ. मी वाचले.

"या दोन ओळी मी लिहिल्या होत्या. का लिहिल्या ते मी नोंदवलं नाही आणि आता मला आठवत नाही. माझ्याकडे पुरावा नाही. नियमाप्रमाणे मला हा बदल अडवता येत नाही. तरी मी तो मंजूर करत नाही. दोष माझा आहे, लिहिणाऱ्याचा नाही."

हे चाळीस जणांना दिसणार होते. ज्यांना ज्यांना त्यांनी कारणावरून झापले होते, ते सगळे त्या चाळिसांत होते. आणि धाकटा. मी एका वेलांटीलाही हात लावला नाही. त्यांनी पाठवायचे बटण दाबले आणि पिशवी उचलून निघाल्या.

शुक्रवारी साहेबांनी धाकट्याचे कंत्राट तीन महिन्यांनी वाढवले. कायम केले नाही. ताईंना सांगितले की नियम करणाऱ्यानेच मोडला तर तपासणीचे काम दुसऱ्याकडे द्यावे लागेल.

शनिवारी धाकटा स्वतःच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसला होता. आपले दार त्याने लावून घेतले होते. आतून भावाला मोठ्याने ऐकवले की त्या ओळी निरुपयोगी आहेत हे आता सिद्धच करून दाखवतो. त्यासाठी तो एक चाचणी लिहीत होता. उपकरणे कुठेही मांडायची, वाटेल त्या क्रमाने हलवायची, पुन्हा नवी मांडणी. हजारो वेळा.

रविवारी दुपारी मी तिथे होते. ताई भांडी पुसत होत्या. पुसलेली पुन्हा पुसत होत्या. धाकटा बाहेर आला. दाढी वाढलेली. त्याने चौकटीचा कागद मागितला आणि बटणांचा डबा मागितला. जेवणाच्या टेबलावर एन आणि डी मांडले.

"वहिनी, एन इथून तिथे कसा नेशील?"

ताईंनी बटण उचलले आणि दोन ओळी वर, तीन रकाने पलीकडे ठेवले.

"तू उचलतेस," तो म्हणाला. "सगळे आतले उचलत नाहीत."

मग त्याने सांगितले. लांब पत्ता एका दमात लिहिता येत नाही. आधी खालचा अर्धा, मग वरचा. शहाणा आतला आधी उपकरण बंद करतो आणि मग पत्ता बदलतो. म्हणजे बटण उचलतो. त्याने नऊ हजार वेळा चालवले ते सगळे शहाणे होते. पण जुन्या काळचे काही आतले चालू उपकरणाचाच पत्ता बदलतात. त्याने एन मूळ जागी ठेवला, वर बोट टेकवले आणि कागदावरून न उचलता सरकवला. आधी आडवा, मग वर. वळायच्या कोपऱ्यात डी होता. एनच्या धक्क्याने तो टेबलावरून पडला आणि कपाटाखाली गेला.

"कोपऱ्यात एन डोळ्याचं पातं लवतं तेवढाच थांबतो," धाकटा म्हणाला. "पण तेवढ्यात माझ्या कोडनं डिस्कला यादीतून खोडलेलं असतं. एन पुढे जातो. डिस्कला परत कोणी लिहीत नाही. तुझ्या ओळी होत्या तेव्हा तो कोपऱ्यात बसायचाच नाही, पत्त्याचा दुसरा अर्धा येईपर्यंत थांबायचा."

"किती वेळा होतं?"

"चारशे मांडण्यांत एकदा."

ताई खुर्चीत बसल्या. यजमान म्हणाले, म्हणजे तू बरोबर होतीस. ताई म्हणाल्या, नाही. मला माहीत नव्हतं. मग एकदम धाकट्याकडे वळून म्हणाल्या की नऊ हजार वेळा एकाच जातीचे आतले चालवायला तुला लाज वाटली नाही? तो म्हणाला, आणि तुला दोन ओळींवर एक ओळ लिहायला काय झालं होतं? दोघांचे आवाज चढले. सासूबाई म्हणाल्या, "भांडा खुशाल. पण आधी ते बटण काढा कपाटाखालून, मला केर काढायचाय."

सोमवारी धाकट्याने दोन्ही ओळी परत घातल्या आणि वर कारण लिहिले. ताईंनी ते परत पाठवले. कारण पाल्हाळिक आहे, म्हणाल्या. मी ते तीन वाक्यांत बसवून दिले. मग मंजूर झाले, पण पुढच्या आवृत्तीसाठी. ताई साहेबांकडे जाऊन म्हणाल्या, मी बारा वर्षांपूर्वी कारण लिहिले असते तर त्याने ओळी काढल्या नसत्या आणि बदल वेळेत गेला असता. हे त्याच्या कागदांवर नोंदवा. साहेबांनी सांगितले की तशी नोंद करायला फॉर्मवर जागा नाही. कंत्राट तीन महिन्यांचेच राहिले.

जिन्यात मी ताईंना विचारले, धाकट्याला सापडले नसते तर? त्या दोन पायऱ्या उतरून थांबल्या.

"तर मी त्याची नोकरी अडवली असती. आणि का, ते मला मरेपर्यंत कळलं नसतं."

त्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या नावावरच्या बिनकारणाच्या ओळी हुडकल्या. त्रेचाळीस जागा निघाल्या. सतरांची कारणे आठवली. उरलेल्या सव्वीस त्यांनी छापून टेबलामागच्या भिंतीवर लावल्या. येणारा-जाणारा वाचून हसे. ताई तिथून उठत नसत, आणि स्वस्थ बसतही नसत.

कायम झाल्याचे पत्र धाकट्याला तीन महिन्यांनी मिळाले. त्याने ते आधी आईला वाचून दाखवले, मग भावाला. ताईंना सासूबाईंकडून कळले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो त्यांच्या टेबलापाशी आला. सव्वीसांतली अकरावी ओळ त्याने आपण होऊन तपासायला घेतली होती. ही खरोखरच मेलेली आहे, काढून टाकू या, म्हणाला.

"कशावरून?" ताईंनी विचारले.

त्याने खुर्ची ओढली.