एकेचाळिसावी मर्यादा

आमच्या कंपनीत लिआओताईंना कुणी घाबरत नसे, पण त्यांच्या यादीपुढे सगळ्यांची बोबडी वळायची. तैवानमधल्या शिंचू शहरातल्या त्या तीन खोल्यांत आम्ही जावा भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी एक डिबगर बनवायचो. चालता प्रोग्रॅम मधेच थांबवून आत काय गडबड आहे ते दाखवणारं साधन. ते तपासायचं काम ताईंचं. दुरुस्त न होणारी प्रत्येक खोड त्या 'माहीत असलेल्या मर्यादा' या पानावर लिहीत, आणि शेजारी ती कुणाला सापडली त्याचं नाव.

दोन हजार तीन साली, चौथी आवृत्ती पाठवायच्या दिवशी, त्यांनी एकेचाळिसावी मर्यादा लिहिली: 'दोन कामं एकाच क्षणी थांबवली तर साधन गोठू शकतं.' तो भाग माझा होता. मालक येह साहेब भडकले.

"दाखवा गोठवून."

ताईंनी वीस वेळा चालवलं. एकदाही गोठलं नाही.

"चष्मा बदला, ताई. नाहीतर तपासायला मी दुसरं माणूस बघतो. आणखी कुणी पाहिलंय का हे?"

मी बुटांकडे बघत राहिलो. एकदा, फक्त एकदा, ते माझ्यासमोर गोठलं होतं. कारण सापडेना, म्हणून मी कोडमध्ये 'जरा थांब' अशी एक ओळ घुसडली आणि तोंडाला कुलूप लावलं. नोकरी लागून तीनच महिने झाले होते.

"काढा तो मुद्दा," साहेब म्हणाले.

"तुम्ही काढा. मग पाकिटावर माझी सही नाही."

आमच्याकडे तैवानात नवी आवृत्ती पाठवताना नारळाच्या चवीच्या खाऊचं हिरवं पाकीट सर्व्हरवर ठेवत, म्हणजे यंत्र शहाण्यासारखं वागतं. पिवळं चालत नाही, मुदत संपलेलं चालत नाही. आमच्या कंपनीत त्यावर सगळ्यांच्या सह्या लागत, आणि एक जरी कमी असली तरी पाकीट ठेवायचं नाही. परदेशात शिकलेले येह साहेब आधी पोट धरून हसले. मग आवृत्ती पाठवायचं बटण दाबायला कुणी उठेना.

"साहेब, तुम्हीच दाबा ना," माझ्या शेजारी बसणारी सूयीन म्हणाली. "बिघडलं तर निदान आम्ही नव्हतो."

साहेब उठले, खुर्चीत बसले, पाकिटाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"लिहा बाई, लिहा ते एकेचाळीस! जन्माची हट्टी!"

संध्याकाळी छापलेलं पान हातात आलं. एकेचाळिसाव्या मर्यादेशेजारी नाव होतं वेई-हान. माझं. विचारायची हिंमत मात्र झाली नाही, आणि पुढची सहा वर्षं ताईंसोबत रोज दुपारी मांसाच्या गोळ्यांचं सूप पिऊनही झाली नाही.

कंपनी कधीच बंद पडली. अजून कुठे नारळाचा वास आला की मला त्या तीन खोल्या आठवतात आणि जीव कासावीस होतो. गेल्या महिन्यात ताई भाजीबाजारात भेटल्या. केस पार पांढरे झालेत, घासाघीस तशीच. शेवटी विचारून टाकलं.

"माझं नाव का लिहिलंत, ताई?"

"तुझी ती 'जरा थांब' वाचली होती मी. उगाच कोण घालतं असलं काही?"

"पण तुम्हीसुद्धा कधीतरी गोठलेलं पाहिलं असेलच ना?"

"छे रे, आ-हान," कोबी पिशवीत टाकत त्या म्हणाल्या. "मला एकदाही नाही दिसलं."