पांढऱ्या चौकोनातले नाना

आमच्या जळगावच्या केळी बागायतदार संघात किस्से शोधावे लागत नसत. नाना टायपिस्ट खुर्चीत बसले की एखादा घडायचाच! निम्मे मी विसरलोय. उरलेले आठवले की एकटाच हसत बसतो, आणि बायको म्हणते, "झालं यांचं सुरू!"

नव्वदीच्या शेवटी ऑफिसात कॉम्प्युटर आला. पडद्यावर एक फॉर्म. पांढऱ्या चौकोनांत शेतकऱ्याची माहिती भरायची, करड्या चौकोनांना लॉक. तिथे टाइप केलं की मशीन 'टूं' करायचं. वरून फर्मान आलं, जो शिकणार नाही त्याची बदली धुळ्याला! नानांच्या रिटायरमेंटला दोन वर्षं उरलेली. घर इथेच, पिंप्राळ्यात. रोज दुपारी एकला स्कूटरवरून घरी जाऊन गरम भाकरी खायची, हा पंचवीस वर्षांचा नेम. "धुळ्याला मला कोण वाढणार रे?" असं म्हणताना त्यांचा चेहरा एवढासा व्हायचा. खरंच वाईट वाटायचं हो!

*

पहिल्याच आठवड्यात मॅनेजरसाहेब ओरडले, "नाना, रावेरात एवढी केळी? सातपुड्यावर लावली की काय?"

झालं होतं असं, की नानांनी प्रत्येक फॉर्म तीनदा भरला होता. टाइपरायटरवर कार्बन लावून तीन कॉप्या काढायची सवय! एक ओरिजिनल, एक ऑफिसची, एक पार्टीची.

"अहो, पण टोटल बघायची ना!"

"टोटलला लॉक आहे साहेब. तिला मी हातसुद्धा लावला नाही!"

*

मग रावेरचे एक आबा आले. वय एकशे दोन, आणि पांढरा चौकोन नव्याण्णवच्या पुढे घेईना. नाना अजिजीने म्हणाले, "आबा, तीन वर्षं कमी करू का?"

आबा म्हणाले, "कर ना भाऊ. पन कोन्ते? लगनाच्या आधीचे का नंतरचे?"

"नंतरचे करतो."

"मंग तीनच काहून? बठ्ठे, सारेच काढ!"

*

लॉकचा पासवर्ड फक्त मॅनेजरसाहेबांकडे. तो टाकायचा असला की ते आम्हाला व्हरांड्यात काढायचे, दार लावायचे, आणि एका बोटाने एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप करायचे! आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून उभे.

एकदा दहा मिनिटं झाली तरी दार उघडेना. आत नुसतं 'टूं, टूं'. शेवटी पाणी भरणाऱ्या लक्ष्मीअक्कांना राहवेना. खिडकीतून म्हणाल्या, "साहेब, तिसरं अक्षर चुकतंय!"

*

आणि मग आली परीक्षा. धुळ्याहून मोठे साहेब आले. नाना घामाघूम. साहेब म्हणाले, "आधी मी दाखवतो," आणि खुर्चीत बसले. टूं! परत टूं! साहेबांनी बाही वर सारली, चष्मा पुसला. टूं!

नाना हात जोडून म्हणाले, "साहेब, करड्यात नाही, पांढऱ्यात. उठता का जरा?"

आणि दोन मिनिटांत अख्खा फॉर्म भरला की हो! एकदासुद्धा टूं नाही! आम्ही टाळ्या पिटल्या, अक्कांनी चहात जास्तीची साखर घातली. साहेबांनी तिथेच रिपोर्ट लिहून पाकीट बंद केलं. बरोबर एकला नाना शीळ घालत घरी जेवायला गेले.

आठ दिवसांनी ऑर्डर आली. मॅनेजरसाहेबांनी मोठ्याने वाचली, "असा तयार माणूस आमच्याकडे एकही नाही. नानांना ताबडतोब धुळ्याला पाठवावे!"