बाहेरून हिरवं बोंड

माझी रूममेट हुशार आहे, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ती हुशारी रोज माझ्या शेजारच्या खाटेवर घोरत असायची.

बुलढाण्याच्या कॉलेजात त्या वर्षी कॉम्प्युटरवर खेळ बनवायची स्पर्धा लागली. टायपिंग नाही, पडद्यावर रंगीत ठोकळे ओढायचे, एकाला एक अडकवायचे, की चित्रं हलायला लागतात. आम्हा दोघींनाही विषय एकच सुचला, कपाशी आणि अळी. दुसरं सुचणार तरी काय? बीटीच्या बियाण्याला अळी लागत नाही म्हणायचे, आणि त्या हंगामात धामणगाव बढेजवळच्या आमच्या शेतात गुलाबी अळीनं बोंडं आतून पोखरून ठेवली होती. पहिली येईल तिला सुट्टीभर पुण्यात शिकायला मिळणार होतं, राहण्याखाण्यासकट. मला ते हवं होतं. रूममेटचे वडील नांदुऱ्याचे कापूस व्यापारी. ते तिला कुठंही पाठवू शकले असते. मग हिनं कशाला मधे यावं?

माझ्या खेळात प्रत्येक बोंड सारखं विचारत राहायचं, अळी टेकली का, टेकली का. ठोकळ्यांची माळ पडद्याबाहेर गेली होती. तिनं डोकावून पाहिलं.

"अवं, बोंडाबोंडाले काऊन विचारायले लावतं? अळीलेच दवंडी देऊ दे ना. ज्याले ऐकाचं थे ऐकीन."

तिच्या खेळात अळी टेकली की एक निरोप सुटायचा आणि बोंड गायब. चार ठोकळ्यांत काम खलास. माझा नुसता जळफळाट झाला.

मग मी हट्टाला पेटले. माझं बोंड अळी टेकली तरी हिरवंगारच राहायचं. खेळणाऱ्यानं वेचायला घेतलं की मगच आतली कवडी, म्हणजे किडका कापूस, दिसायची, पिवळट, कडक. आमच्या शेतात असंच झालं होतं. हे तिला सुचलं नव्हतं, म्हणून मी हवेत होते.

परीक्षक मॅडम पुण्याच्या. त्यांनी माझा खेळ चालवला. अळी बोंडाला टेकली, काहीच झालं नाही. पुन्हा टेकली.

"इथे चुकलंय तुझं," त्या म्हणाल्या. "अळी लागली तरी बोंडाला कळतच नाहीये."

"नाई मॅडम, थे बाहेरून..."

माझं बोलणं ऐकून त्या गोड हसल्या. मी माऊस सोडून मागे सरकले.

तेव्हा रूममेट मागून उठली आणि स्वच्छ, पुस्तकी मराठीत म्हणाली, "मॅडम, ती चूक नाहीये. गुलाबी अळी बाहेरून दिसत नाही, वेचतानाच कळते. खरं तर तिचं बरोबर आहे, चुकलंय माझं."

"किती छान समजावून सांगितलंस!" मॅडम म्हणाल्या. नंबर तिचा आला.

ती पुण्याला निघाली तेव्हा तिची बॅग एसटीत मीच चढवली. तिनं मला घट्ट मिठी मारली. "तुयाच खेळ भारी होता वं," म्हणाली, आणि ते तिला मनापासून वाटत होतं. एकदा तरी ती माझ्याशी वाईट वागली असती, तर मला तिचा निवांत राग करता आला असता.