डोकी मोजून वाजणारी घंटा

आमच्या घंटावाल्या मामांनी घड्याळाचा जेवढा अपमान केला, तेवढा अख्ख्या शिरोळ तालुक्यात दुसऱ्या कुणी केला नसेल. आमच्या लहानशा मेथडिस्ट मंडळीत उपासनेची घंटा लोकांना बोलवायला वाजतच नसे. सगळे आल्यावर वाजे. मामा दारात उभे राहून डोकी मोजत. उसाला पाणी पाजून येणारं शेवटचं घर बाकावर टेकलं, की मगच दोरीला हात. पाळकसाहेब एकदा चिडले, "मामा, साडेनऊ वाजून गेले!" मामा म्हणाले, "वाजू देत की. रिकाम्या बाकड्यांस्नी हाक मारू व्हय?"

मंडळीचा सगळा इतिहास त्यांना तोंडपाठ होता, पण आपल्या पद्धतीनं. "तुमचा बाप्तिस्मा? आमची म्हस व्यालती, त्याच्या दुसऱ्या रविवारी." कुणाआधी कोण, हा त्यांचा क्रम मी बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवहीशी ताडून पाहिला. एकदाही चुकला नाही.

त्या नोंदवहीबद्दलच मला सांगायचं आहे. महापुरात कृष्णा चर्चच्या पायऱ्या चढली, तेव्हा मंडळीचा चिटणीस, म्हणजे मी, जयसिंगपुरात मेहुण्याकडे भजी खात होतो. मामा छातीभर पाण्यातून आत गेले, प्रीतिभोजनाच्या पातेल्यात नोंदवही ठेवून झाकण लावलं आणि पातेलं डोक्यावर घेऊन बाहेर आले. ओलावलेली पानं पुढे मी गच्चीवर वाळवत होतो, तेव्हा कुणीतरी माझा फोटो काढला. मंडळीच्या इतिहासाची पुस्तिका मीच लिहिली, आणि त्या फोटोखाली मीच छापलं: 'पुरातून नोंदवही वाचवणारे आपले चिटणीस.' प्रकाशनाला टाळ्या झाल्या. मामांच्या सगळ्यांत जोरात.

ते टोचत राहिलं. शेवटी एका रविवारी मी उपासनेत उभा राहिलो. "मंडळी, ती नोंदवही मी…" एवढ्यात दारातली घंटा घणघणली. मी थांबलो की ती थांबे. तोंड उघडलं की पुन्हा सुरू. मंडळी हसून बेजार. मी खाली बसलो.

बाहेर आल्यावर म्हणालो, "मामा, खरं तरी सांगू द्यायचं!"

"वही वाचली न्हवं? मग गप बसा की, चिटणीस. माझं नाव घातलं तर पातेल्याचंबी घालावं लागंल."

गेल्या पावसाळ्यात मामा गेले. म्हणून आता लिहून ठेवतो: नोंदवही मामांनी वाचवली, मी फक्त वाळवली. मला अडवायला घंटा वाजणार नाही, कारण तिची दोरी आता माझ्याच हातात आहे. मीही सगळे आल्यावरच वाजवतो. पण दर रविवारी मोजताना एक डोकं कमी भरतं. मी पुन्हा मोजतो, आणि नवे पाळकसाहेब आतून मनगटावरचं घड्याळ दाखवत राहतात.