गाळलेलं प्रकरण

पुण्यात घरटी एक जण जर्मन शिकतो आणि पुढे कॉम्प्युटरवर पोट भरतो. मीही त्यातलीच. अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनमध्ये नोकरी सांभाळून मी एका जर्मन कादंबरीकार बाईंची कादंबरी मराठीत आणत होते. बाई साठीच्या, वडील रेल्वेत सिग्नलमन. पाचही कादंबऱ्या त्यांनी स्वतःच्या घरावरच लिहिल्या आणि वडिलांवरची ही कादंबरी आल्यापासून सख्खा भाऊ त्यांच्याशी बोलत नाही.

बाई एका सत्रासाठी इथल्या कॉलेजात शिकवायला आल्या होत्या. शनिवारी दुपारी घरी येते, म्हणाल्या. मराठीचं अक्षरही त्यांना कळत नाही. पण प्रत्येक अनुवादकाशेजारी त्या दोन्ही प्रती घेऊन बसतात, परिच्छेद मोजतात, प्रत्येक प्रकरणाचं पहिलं आणि शेवटचं वाक्य मोठ्याने वाचायला लावतात. हे मला त्या येणार म्हटल्यावर कळलं. अकरावं प्रकरण मी गाळलं होतं.

चार पानांचं तर प्रकरण. वडील अत्यवस्थ असतात. मुलगी आईला फोनवर सांगते की रेल्वेचा संप आहे, आणि घरीच बसून राहते. संप नसतोच.

माझे बाबा गेले तेव्हा मीही आईला सांगितलं होतं, अमेरिकेत परतायला तिकडच्या वकिलातीत व्हिसाचा शिक्का घ्यावा लागतो, त्या स्टॅम्पिंगची तारीख मिळत नाहीये. मिळत होती. पण तिकडे गेले आणि व्हिसा अडकला तर परत येता येणार नाही, नोकरी जाईल, या धास्तीने मी गेले नाही. माझा अनुवाद सगळ्यांच्या आधी आई वाचते. हे प्रकरण वाचल्यावर माझं खोटं तिला कळायला कितीसा वेळ लागला असता?

बाईंनी पोहे दोनदा घेतले. मी माझी बशी तशीच ठेवली. चोराच्या मनात चांदणं. दहावं प्रकरण संपलं, मी सरळ बारावं वाचायला घेतलं. त्यांनी परिच्छेद मोजले, थांबल्या, पानं मागे उलटून अकराव्यावर बोट ठेवलं. प्रकाशकाच्या पानांच्या मर्यादेवर ढकलायचं असं मी ठरवून ठेवलं होतं. ऐन वेळी तेही जमलं नाही, आणि मी सगळं सांगून टाकलं.

त्या म्हणाल्या, "ही पानं छापू नकोस म्हणून माझी आई रडली होती. तरी मी छापली. बरोबर केलं का, मला अजून माहीत नाही. पण ही गाळलीत, तर हे पुस्तक माझं नाही."

रविवारी दिवसभर बसून मी ते प्रकरण पूर्ण केलं आणि नेहमीसारखं आधी आईला पाठवलं. सोबत दोन ओळी लिहायला हव्या होत्या. लिहिल्या नाहीत, भ्याले. तिने ते वाचलंय, मोबाइलवर दिसतंय. आज बुधवार आहे. रोज सकाळी येणारा तिचा फोन सोमवारपासून आलेला नाही, आणि स्वतः करायला मी अजून धजत नाही.