बिनपगारी रजेतली रोपवाटिका

सरकारी कचेरीत सतरा वर्षं काढलेली बाई रोपवाटिका काढते म्हणजे काय करते, हे कळायला माझी अठरा वर्षांपूर्वीची पाटी बघायला हवी होती. नवऱ्यानं ती बंबात घातली. तिच्यावर मी वळणदार अक्षरांत रंगवलं होतं: ‘वेळ साडेदहा ते साडेपाच. जेवणाची सुट्टी दीड ते दोन. रविवार व दुसरा-चौथा शनिवार बंद.’ आणि खाली, ‘रोपांसाठी लेखी अर्ज करावा.’

टोमॅटोच्या रोपांसाठी अर्ज! नातवंडांना सांगते तेव्हा ती पोट धरून हसतात. मीही हसते. पण तेव्हा या बाईसाहेबांना ती फार मोठी शिस्त वाटली होती.

मी तेव्हा बेचाळीस वर्षांची, वरिष्ठ लिपिक. मखमलाबादकडे सासरचे दहा गुंठे पडून होते. आसपास सगळे टोमॅटो, मिरची, कोबी लावणारे, आणि रोपं आणायला त्यांना लांब जावं लागायचं. समोर फाइल उघडी ठेवून मी रद्दी कागदावर शेडनेटच्या, म्हणजे सावलीच्या जाळीच्या, खांबांची चित्रं काढत बसायचे. अखेर तीन महिन्यांची बिनपगारी रजा टाकली.

नवरा कंपनीत कामाला. तो एवढंच म्हणाला, “करून बघ. पण नोकरी सोडायची नाही. वीस वर्षं भरली की पेन्शन. तीनच तर राहिलीत.”

बरोबर होतं त्याचं. आधी राजीनामा दिला असता तर सतरा वर्षांच्या नोकरीतून पेन्शनचा छदाम मिळाला नसता. आणि मुलगी त्याच वर्षी कॉलेजात जाणार होती. मी मान डोलावली. माझं सगळं धाडस रजेच्या अर्जात मावेल एवढंच होतं.

पहिली रोपं तयार झाल्यावर पाटी लावली; ती चार दिवस टिकली. शेतकरी रोपं न्यायला पहाटे सहाला येतात, म्हणजे दुपार टळेपर्यंत वावर तयार करून उन्हं उतरता लावायला मोकळे. मी साडेदहाला पर्स हलवत यायचे तेव्हा फाटकापाशी फक्त चाकांच्या खुणा असायच्या. मग मीही सहाला यायला लागले. दोन महिने बरे गेले. लोक मला ‘मॅडम’ म्हणायला लागले आणि मी लगेच फुगले.

दुसरा महिना सरता सरता गिरणारे गावच्या एक मावशी आल्या. साठीच्या, तोंडानं फटकळ. एक एकर टोमॅटोसाठी सहा हजार रोपं सांगून गेल्या.

आता यातली एक गोष्ट सांगायला हवी. रोपं वावरात जायच्या आधी चार-पाच दिवस त्यांना ताण द्यायचा असतो. नेटखालून उन्हात काढायची, पाणी तोडायचं. दुपारी ती माना टाकतात, संध्याकाळी सावरतात. देठ जांभळट होतो, पान राठ होतं, आणि मग ती वावरात तग धरतात. हे मी रोपवाटिकेच्या प्रशिक्षणात शिकले होते. वहीत लाल शाईनं दोनदा अधोरेखित केलं होतं.

आधीच्या रोपांचं ढगाळ हवेत निभावलं होतं. आता कडक ऊन पडलं आणि मी केलं काय? पहिल्याच दुपारी रोपांनी माना टाकल्या. मी लगेच शंभर-शंभर भोकांचे साठच्या साठ ट्रे परत नेटखाली घेतले आणि झारीनं पाणी पाजलं. रोपं अशी तुकतुकीत हिरवी झाली की मी त्यांचा फोटो काढून घेतला. मावशीसुद्धा नेताना म्हणाल्या, “लय गोजिरी दिसत्यात गं.”

रजा संपायला चार दिवस उरले होते, गुरुवार होता, तेव्हा त्या परत आल्या. ओच्यातून एक वाळलेलं रोप काढून माझ्या हातावर ठेवलं.

“सगळी आडवी झाली. ताण दिला व्हता का नाय?”

“ऊन फार होतं हो, मावशी...”

“आन वावरात काय चांदणं हाय? तिथं तुझं नेट घेऊन मी उभी राहू का?”

नवऱ्याची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी. तो हळूच म्हणाला, “अगं, पैसे परत देऊन टाक. तसंही सोमवारी तुला हजर व्हायचंय.”

खरं सांगते, मला हायसं वाटलं. एका बाईचं एकरभर पीक मी झोपवलं होतं आणि माझ्या मनात काय, तर सुटले! सोमवारपासून पंखा, खुर्ची, अकराचा चहा. मी लगबगीनं पैसे आणले. मावशींनी हात मागे घेतला.

“हे लावू का वावरात? सऱ्या पाडून ठेवल्यात, ठिबक आंथरलंय. मला रोपं पायजे. कधी देती?”

“आता पेरली तर पंचवीस दिवस लागतील.”

“मंग पेर की. उभी काय राहती?”

नवरा मध्ये पडला. “मावशी, तिची सरकारी नोकरी आहे. रजा संपली तिची.”

मावशींनी मला खालून वर न्याहाळलं. “असं हाय व्हय. मंग आधीच सांगायचं ना, ही आपली हौस हाय म्हणून. मी दुसरीकडं गेली असती.”

शिव्या दिल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. हौस म्हणाल्या, ते झोंबलं. कारण खोटं नव्हतं.

“पंचवीस दिवसांनी या, मावशी. सकाळी सहाला.”

“आणि सोमवार?” नवऱ्यानं विचारलं.

“सोमवारी जाते ना. राजीनामा द्यायला.”

हे माझ्याच तोंडून आलंय हे मला त्याचा चेहरा बघून कळलं. मावशी गेल्यावर तो म्हणाला, “तीन वर्षं, अगं. फक्त तीन. सुट्टीच्या दिवशी कर ना हे.”

“ताण भर दुपारी द्यायचा असतो,” मी म्हटलं. “त्या वेळी मी कचेरीत असेन. मग दर वेळी रोपं अशीच आडवी पडतील आणि दर वेळी मी पैसे परत करत बसेन.”

“माझ्या एकट्याच्या पगारात भागवावं लागेल.”

“भागवू.”

त्यानं बाह्या सारल्या. मग कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, भिजवायला बसला. त्या दिवशी आम्ही साठ ट्रे पेरले, एकावर एक रचले आणि प्लास्टिकनं झाकले.

सोमवारी प्लास्टिक काढायचा दिवस; सकाळी सहाला बघितलं तेव्हा कोंब आले नव्हते, पण दुपारपर्यंत येणार होते. कोंब उठले आणि झाकण राहिलं, तर ते अंधारात लांबुळके, पांढरेफटक होतात. मी साडेदहाच्या ठोक्याला साहेबांसमोर. राजीनामा अर्थातच विषय-संदर्भासह, तीन प्रतींत. सवय जाते थोडीच!

“ऊन बाधलं का बाई तुम्हाला?” साहेब म्हणाले. “महिन्याची नोटीस लागते.”

“महिन्याचा पगार कापून घ्या, साहेब.”

“घाई काय आहे? विचार करा, संध्याकाळी बोलू.”

“संध्याकाळपर्यंत नाही थांबता येणार. कोंब उठलेत.”

“कोण उठलंय?”

मी समजावलं नाही. शेवटी ते म्हणाले, “बरं, आधी आवक रजिस्टरला नोंद करून आणा.”

आवकच्या टेबलावर कुणी नव्हतं. चहाला गेले होते. सतरा वर्षं मी लोकांना त्या टेबलापुढे ताटकळताना पाहिलं होतं आणि एकदाही उठले नव्हते. त्या दिवशी मी खुर्चीत बसले, रजिस्टर ओढलं, पुढचा क्रमांक टाकला आणि स्वतःच्या राजीनाम्यावर स्वतःच शिक्का मारला. पोच घेतली. एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि खाली उतरून स्कूटरला किक मारली.

बाराच्या आत प्लास्टिक उचललं. कोंब नुकते वर आले होते, काहींच्या डोक्यावर अजून बियांच्या टोप्या. साठ ट्रे एकेक करून जमिनीवर मांडले आणि कुठली भोकं रिकामी राहिलीत ते बघायला वाकले.